डाव्या बाजूचा मधला दिवा

बंदरावर त्याला सगळे सावकाश म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते कागदोपत्रीच उरलं होतं. कोणी कितीही घाई करो, बोटीचा मालक डोक्यावर येऊन उभा राहो, वायरींच्या गुंत्यात हात घालून तो एकच शब्द बोलायचा, "सावकाश." तोच त्याला चिकटला. वीजकामात त्याची तीस वर्षं गेली होती आणि त्याने दुरुस्त केलेला बिघाड परत उद्भवला, असं क्वचितच घडलं होतं. त्यामुळे लोक त्याच्या संथपणाला नावंही ठेवायचे आणि घोडं अडलं की फोनही त्यालाच करायचे.

कप्तानाचा फोन आला तेव्हा तो आणि त्याची ताई जेवून नुकतेच उठले होते.

"आमच्या पूलचे दिवे बिघडलेत," फोनवरचा माणूस म्हणाला. "येऊन बघाल का?"

"पुलावरच्या दिव्यांचं काम माझ्याकडे नसतं."

"तो पूल नव्हे हो. पोहायचा. आमच्या यॉटवर आहे."

सावकाशने फोन कानापासून लांब धरला. "नावेवर पोहायचा तलाव आहे म्हणे," तो ताईला म्हणाला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि पुढे दोघांनीही लग्नाचा विषय काढला नाही, तो राहूनच गेला. बोटींची आच्छादनं शिवायचं तिचं काम. बाहेरच्या खोलीत तिचं जाड सुईचं मशीन आणि ताडपत्रीचे गठ्ठे, आतल्या खोलीत त्याच्या वायरींची भेंडोळी, अशी घराची वाटणी होती. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "चहूकडे समुद्र पसरलाय, त्यात आणखी हौद कशाला? बघून तरी ये."

यॉट धक्क्याच्या अगदी टोकाला उभी होती. तीन मजली, पांढरी, आणि इतकी शांत की तिच्यावर कोणी राहत असेल असं वाटू नये. कप्तान पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीच्या कपड्यातला, हळू बोलणारा माणूस. त्याने सावकाशला जोडे काढायला लावले आणि मागच्या डेकवर नेलं. तलाव सात पावलं लांब आणि तीन पावलं रुंद होता. पाणी समुद्राचंच, गाळून घेतलेलं. तळाच्या मधोमध जाड काचेचा लांब पट्टा बसवलेला होता.

"हिच्याखाली काय आहे?"

"बैठकीची खोली. चला, दाखवतो."

पायऱ्या उतरून खाली गेल्यावर सावकाश शेवटच्या पायरीवरच थबकला. छताच्या जागी पाणी होतं. दुपारचं ऊन त्या पाण्यातून झिरपून खाली येत होतं आणि गालिच्यावर, भिंतींवर, कप्तानाच्या पांढऱ्या सदऱ्यावर उजेडाच्या बारीक जाळ्या सरकत होत्या. नाव जराशी हलली की सगळी खोली श्वास घेतल्यासारखी उजळायची आणि मावळायची. आवाज कसलाच नव्हता. आपण उभे आहोत की तरंगतोय हे त्याला क्षणभर कळेना. हातातली हत्यारांची पेटी त्याने खाली ठेवली, नुसता आवाज व्हावा म्हणून.

कप्तानाने दुखणं सांगितलं. सहा दिवे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. डाव्या बाजूचा मधला जातो. कधी लुकलुकतो, कधी पार विझतो, तासाभराने आपोआप परत येतो. याआधी चार माणसं येऊन गेली होती. पहिल्याने दिवा बदलला. दुसऱ्याने ट्रान्सफॉर्मर बदलला. तिसऱ्याने अख्खा स्विचबोर्ड नवा बसवला. चौथा म्हणाला, यात बिघाडच नाही.

"चौथा किती वाजता आला होता?"

"सकाळी दहाला."

"आणि बाकीचे?"

कप्तानाने आठवून पाहिलं. "सगळे सकाळीच. बाईसाहेब दिवेलागणीला पोहतात. त्या वेळी आम्ही परक्या माणसाला वर घेत नाही."

"म्हणजे त्यांच्यापैकी कोणी बिघाड पाहिलाच नाही," सावकाश म्हणाला. "नुसता ऐकला. मी आज काही करणार नाही. संध्याकाळी इथे बसून बघेन."

बाईसाहेबांची परवानगी काढायला कप्तान वर गेला आणि त्यांनाच घेऊन आला. बाई एकाहत्तर वर्षांच्या. उंच, पिळदार, पांढरे केस पोरांसारखे बारीक कापलेले. त्यांचा बाटल्यांचा कारखाना होता; नवरा लवकर गेल्यावर चाळीस वर्षं तो त्यांनी एकटीने चालवला, मग पुतण्यांच्या हवाली केला आणि ही नाव बांधून घेऊन तिच्यावर राहायला आल्या. तळाची काच त्यांच्याच भट्टीतली, तिथे ओतलेली शेवटची. पायऱ्या उतरताना त्यांचा डावा खांदा कठड्याला लागला; त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही खाली पडून वर बघणार, असं हा म्हणतो," त्या म्हणाल्या.

सावकाशचे कान तापले. "दिवे बघायचेत, बाई. तुम्हाला चालत नसेल तर..."

"न चालायला काय झालं? मला बघायला आता कोणी येत नाही. दिवे बघा. पण नीट बघा, कारण तो मधला गेला की माझा काठ हरवतो. दिवे नसले की पाणी कुठे संपतं ते कळत नाही."

संध्याकाळी सावकाश गालिच्यावर उताणा पडला. आकाश जांभळं होत गेलं आणि वर सहा दिवे लागले. ऊन होतं तेव्हा खोली हलत होती. आता ती निळीशार झाली आणि भिंती कुठे आहेत हेच समजेना. बाई पाण्यात शिरल्या. गडद पूर्ण बाह्यांच्या पोशाखात त्या एखाद्या मोठ्या, धीम्या माशासारख्या त्याच्यावरून गेल्या. जाताना पालथ्या, येताना पाठीवर, तोंड आभाळाकडे. प्रत्येक फेरीला पाणी काठावरून उसळायचं आणि बाजूच्या जाळीच्या पन्हळीत सांडायचं. ते सांडणं त्याला ऐकू येत होतं, डाव्या भिंतीच्या पोटात, टप टप.

चौथ्या फेरीला डाव्या बाजूचा मधला दिवा मिचमिचला. सहाव्या फेरीला तो गेला.

सावकाश हळूच उठला आणि मीटर घेऊन पंपाच्या खोलीत गेला. तिथून निघताना वीज पुरेपूर होती. दिव्याशी पोचेस्तोवर ती निम्मी होत होती. म्हणजे चोर मधल्या वाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डाव्या भिंतीची लाकडी फळी एकेक स्क्रू काढून उतरवली. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात परत जावा म्हणून त्याने ते कागदावर ओळीने खोचून ठेवले. कप्तान दोनदा घड्याळ पाहून गेला. फळीमागे, बरोबर पन्हळीच्या खाली, वायरीचा एक जोड होता. कोणीतरी नाव बांधताना वायर कमी पडली म्हणून जोडलेला, आणि काळ्या पट्टीने गुंडाळून विसरलेला. पट्टी सोडवली तर आतलं तांबं शेवाळासारखं हिरवं झालेलं. पन्हळीला खालून केसाएवढी फट होती. कोणी पोहलं, पाणी सांडलं, की त्या फटीतून खारं पाणी जोडावर ठिबकायचं. तासाभराने निथळलं की दिवा परत जागेवर. आणि चारही शहाणे कोरड्या जोडावर सकाळच्या उजेडात मीटर लावून गेले होते.

त्याने खराब वायर पार कापून काढली, तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे गेला, नवा अखंड तुकडा घातला, जोड वितभर वर नेऊन बंद डबीत ओतीव लाखेने पक्का केला, आणि पन्हळीची फटही बुजवली. मग बादलीने पाणी ओतून बघितलं. एक बादली, पाच बादल्या, वीस बादल्या. दिवा ढिम्म हलला नाही. त्या दुपारी तो घरी गेला तेव्हा शीळ घालत होता, आणि ताईने विचारलं, "सापडला का चोर?" तेव्हा तो म्हणाला, "सापडला. फट्‌कन कबूल झाला."

संध्याकाळी तो केवळ मनाच्या समाधानासाठी परत गेला. त्या निळ्या खोलीत पुन्हा एकदा पडायचं होतं, हेही खरं होतं. गालिच्यावर पाठ टेकली तसं त्याचं अंग सैल पडलं. वरून बाईंची सावली गेली, परत आली, गेली. सहाही दिवे तेवत होते. डोळे मिटायला आले असतील नसतील, तोच वरून कप्तानाची हाक आली.

"बाईसाहेब म्हणतात, परत गेला."

सावकाशने वर पाहिलं. दिवे मोजले. सहा. परत मोजले. तो धावत वर गेला, आणि धावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

बाई पाण्यात उभ्या होत्या, नावेच्या शेपटाकडे तोंड करून. त्यांनी डोकं न वळवता डावा हात लांब केला आणि बरोबर मधल्या दिव्याकडे बोट दाखवलं. "काळाठिक्कर," त्या म्हणाल्या. दिवा जळत होता. त्याचा निळसर पांढरा उजेड त्यांच्याच हातावर, त्यांच्या बोटाच्या टोकावर फुटत होता.

"हो बाईसाहेब," कप्तान म्हणाला. "गेलाय खरा."

सावकाशने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने मान जरा हलवली, म्हणजे आत्ता बोलू नका.

बाई कपडे बदलायला गेल्यावर कप्तानाने त्याला कठड्यापाशी नेलं. धक्क्यावरचे दिवे पाण्यात लांब लांब उतरले होते. "दोन महिने झाले," तो म्हणाला. "आधी दिवा खरंच जायचा. मग मधेमधे तो लागलेला असतानाही त्या म्हणायला लागल्या. पहिल्यांदा मी सांगायला गेलो, तर त्यांचा चेहरा असा झाला की... मी म्हटलं, हो, गेलाय. तेव्हापासून हो म्हणतो. वय झालं त्यांचं. एवढी एकच गोष्ट उरलीय त्यांच्याजवळ. तुम्ही उद्या दिवा बदलल्यासारखं करा. दोन-चार दिवस बरे जातात."

"म्हणजे आधीच्या चौघांना तुम्ही..."

"निम्म्या वेळा बिघाड खरा होता. बाकीच्या वेळी दिवा लागलेला असायचा." कप्तान रेलिंगवरून हात फिरवत राहिला. "एकोणीस वर्षं आहे मी त्यांच्याबरोबर, त्यांच्या आधीच्या लहान बोटीपासून. वाईट हेतूने नाही केलं."

"ते कळतंय," सावकाश म्हणाला.

घरी येऊन तो पलंगावर पडला तर छत हलत होतं. डोळे उघडे ठेवले तरी हलायचं, मिटले तरी. बाहेरच्या खोलीत मशीन थांबलं आणि ताई हातात चहाचे दोन पेले घेऊन दारात आली. त्याने तिला सगळं सांगितलं.

"बाईंना दिसत नाही म्हण की," ती म्हणाली.

"असं मी म्हणणार नाही. मी तपासलेलं नाही अजून."

"आता डोळे पण मीटरने तपासतोस का?"

"आमच्यात एक रीत असते, ताई. दिवा लागत नसला तर तो काढून दुसऱ्याच्या जागी लावायचा. दोष दिव्याबरोबर गेला तर दिवा खराब. दोष तिथेच राहिला तर जागा खराब. तसं काहीतरी करून बघावं लागेल."

"आणि मग सांगशील त्यांना?"

ताई पलंगाच्या कडेला टेकली. "तुला चष्मा कधी लागला आठवतंय? तू मला म्हणायचास, हल्ली वायरींचे रंग फिके यायला लागलेत, कारखानदार लबाड झाले. वर्षभर कारखानदारांना शिव्या घातल्यास. मी सांगितलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस."

"तीन दिवस."

"तीन. पण चौथ्या दिवशी गेलास ना? अरे, आपल्या पाठीवरचा तीळ दुसऱ्यानेच सांगावा लागतो. आणि तो कप्तान बिचारा प्रेमाने गप्प बसलाय. प्रेमाने गप्प बसलेल्या माणसाइतकं नुकसान वैरीसुद्धा करत नाही." ती उठली. "चहा पी. थंड झाला की मग कुरकुरशील."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सावकाश खाली गेला नाही. तो तलावाच्या काठावर विजार दुमडून बसला. पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं, आणि पायांचा जो भाग पाण्यात होता तो त्याला दुसऱ्याच कोणाचा वाटत होता.

"बाई," तो म्हणाला, "मी दोन दिवस बघतोय. तुम्ही जाताना पालथ्या जाता, येताना पाठीवर येता. म्हणजे दोन्ही वेळा हीच भिंत तुमच्या डाव्या हाताला."

"लहानपणापासूनची सवय आहे. जाताना पाणी बघायचं, येताना आभाळ."

"आज येतानाही पालथ्या याल? एकदाच."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं माणसं हाताळलेल्या बाईला, समोरचा माणूस उगाच विचारत नाही एवढं कळतं. त्या पलीकडच्या टोकाला गेल्या, तिथून वळल्या आणि पालथ्या निघाल्या. चार हात मारले असतील, त्या थांबल्या. उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या खांद्यांभोवती डुचमळत राहिलं.

"आता हा गेला," त्या म्हणाल्या. बोट पलीकडच्या भिंतीकडे होतं. तीच भिंत, जी जाताना त्यांच्या उजव्या हाताला असायची.

"आणि रोजचा? आपला मधला?"

त्यांनी उजवीकडे मान वळवली. "तो लागलाय."

सावकाशने मनात वाक्यं जुळवून आणली होती, ती आता एकही आठवेना. बाई तशाच उभ्या होत्या. त्यांनी हळूहळू डोकं डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, मग परत, जणू पाण्यावर काही लिहिलेलं वाचत होत्या. उजेडाच्या जाळ्या त्यांच्या गालांवरून सरकत होत्या. लांब कुठेतरी एका बोटीचं इंजिन सुरू झालं आणि दूर जात जात विरलं.

"कारखान्यात," त्या अखेर म्हणाल्या, "बाटल्या तपासायला मोठ्या दिव्यासमोर बायका बसायच्या. तडा दिसला की मी त्यांना सांगायचे, बाटली फिरवा. तडा बाटलीबरोबर फिरला तर बाटली फोडायची. नाही फिरला तर दिव्याची काच पुसायची. एक मुलगी होती. तिला प्रत्येक बाटलीत तडा दिसायचा. शंभर बाटल्या फोडल्या तिने एका दिवशी. मी तिला रागावले. तिच्या डोळ्यात दोष असेल हे माझ्या मनातही आलं नाही."

"पुढे काय झालं तिचं?"

"दुसरं काम दिलं. डॉक्टरकडे नेलं नाही." बाई कप्तानाकडे वळल्या. तो आच्छादनाच्या खांबाला धरून उभा होता. "सहा लागलेत?"

"हो, बाईसाहेब."

"काल?"

"कालही सहा."

"त्याआधी?"

"कधी पाच, कधी सहा," कप्तान म्हणाला.

ती वेळ सावकाशला पुढे पुष्कळदा आठवायची. बाई ओरडतील असं त्याला वाटलं होतं. कप्तानालाही वाटलं असावं, कारण तो पोरासारखा खाली मान घालून उभा होता. पण बाई पायऱ्या चढून बाहेर आल्या, डाव्या हाताने कठडा चाचपून धरला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि काठावर सावकाशच्या शेजारी बसल्या.

"यापुढे मी दिवा गेला म्हटलं आणि तो लागलेला असला," त्या कप्तानाला म्हणाल्या, "तर लागलाय म्हणायचं. मी चिडले तरी."

"हो."

"उद्या सकाळी निघू. डोळ्यांचं मोठं इस्पितळ जिथे असेल तिथे." मग त्या सावकाशकडे वळल्या. "आणि तुमच्या जोडाचं काय? त्यात खरंच काही होतं, की तेही माझंच?"

"नाही बाई, ते खरं होतं," सावकाश घाईने म्हणाला. "हिरवंगार झालं होतं. मी ठेवलंय तुम्हाला दाखवायला." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. बाईंनी वायरीचा तो कुजका तुकडा उजव्या बाजूला धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि मान डोलावली. त्यांना त्यात काय बरं वाटलं कोण जाणे, पण बरं वाटलं एवढं खरं.

यॉट सकाळी गेली. धक्क्याच्या टोकाला पाण्याचा एक रिकामा चौकोन राहिला. सावकाश दुसऱ्या कामांना लागला. कोणाची बॅटरी, कोणाचा पंखा, शीतगृहाचा मोठा स्विच. पण मधेच, एखाद्या अंधाऱ्या इंजिनघरात पालथं पडून हात घातला असताना, त्याला वाटायचं की आपल्या पाठीवरून कोणीतरी पोहत गेलं. मग तो स्क्रूड्रायव्हर तसाच धरून पडून राहायचा. लोक म्हणायचे, सावकाश आता आणखीच सावकाश झाला.

सव्वा महिन्याने यॉट परतली. कप्तान स्वतः घरी बोलवायला आला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "डोळ्यामागची नस सुकत चाललीय, डावीकडची जास्त. गेलेलं परत येणार नाही. पण उरलेलं औषधाने टिकेल म्हणाले. दिवसातून तीन वेळा थेंब. डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या लवकर लक्षात कसं आलं? सहसा काठ हरवत जातात आणि माणसाला पत्ता लागत नाही. मी म्हटलं, लवकर कुठलं. मी दोन महिने घालवले."

ताई मशीनवरून उठली, त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा. चहा घ्या. जे उरलंय ते तुमच्यामुळेही उरलंय. इस्पितळात कोणी नेलं?"

कप्तान बसला, आणि बराच वेळ बसला.

बाईंना आता नवी दिव्यांची रचना हवी होती, डोळ्यांना जुळेल अशी. तीन संध्याकाळी ते तिघं त्याच कामात होते. बाई पाण्यात मधोमध उभ्या राहायच्या, नजर समोर ठेवून. सावकाश एका लांब काठीला छोटा दिवा बांधून तो काठाकाठाने, पाण्यावरून, पाण्याखालून फिरवायचा. "आहे," बाई म्हणायच्या. "आहे. आहे. नाही. नाही. थांबा, परत आला. आहे." जिथे 'नाही' तिथे कप्तान मेणाच्या पेन्सिलीने काठावर फुली करायचा. कधी दिवा जवळ असूनही नसायचा, कधी पार टोकाशी तळाला नेला तरी असायचा. हळूहळू पाण्याभोवती त्यांना न दिसणाऱ्या जागेचा आकार तयार झाला, एखादं बेट असावं तसा. तिसऱ्या संध्याकाळी बाई काठाशी आल्या आणि त्यांनी त्या फुल्यांवरून बोटं फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, जास्त असेल."

सांगायचं ते त्या फुल्यांनी सांगितलं होतं. बाजूच्या भिंतींवर दिवे ठेवण्यात अर्थ नव्हता. जाताना एक हरवणार, येताना दुसरा. पण तळ मात्र दोन्ही वेळा दिसत होता. सावकाशने बाजूचे दिवे मंद केले आणि तळाच्या काचेच्या दोन्ही कडांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लहान लहान पिवळ्या दिव्यांच्या दोन ओळी घातल्या. वळायच्या जागी भिंतीच्या आधी हातभर अंतरावर एक आडवी ओळ, म्हणजे ती आली की हात पुढे करायचा. सगळी वायर अखंड, मधे कुठे जोड नाही. तलाव रिकामा करून त्या कोरड्या हौदात तो आठ दिवस गुडघ्यांवर रांगत होता. बाई वर खुर्ची टाकून बसायच्या आणि काचेच्या भट्ट्यांच्या गोष्टी सांगायच्या. वितळलेली काच काळोखात कशी मधासारखी दिसते ते त्यांनी एकदा सांगितलं, आणि त्या दिवशी त्याच्या हातून कामच झालं नाही.

डॉक्टरांनी बाईंना दुपारचं झगझगीत ऊन टाळायला सांगितलं होतं, म्हणून तलावावर घालायला मोठं आच्छादन हवं होतं. ते काम ताईकडे आलं. ती माप घ्यायला आली तो दिवस नेमका दिवे पहिल्यांदा लावायचा होता. तिने टेप टाकून लांबीरुंदी घेतली, खांब मोजले, वहीत आकडे मांडले, आणि जायला निघाली.

"खाली चल," सावकाश म्हणाला.

"कशाला?"

"चल तर."

खाली येऊन तो गालिच्यावर पडला. ताईने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग गुडघ्याला हात लावत, "या वयात काय काय करायला लावतोस," असं पुटपुटत तीही त्याच्या शेजारी उताणी पडली. लहानपणी गच्चीवर दोघं असेच पडायचे, त्यानंतर आजच.

वर दिवे लागले. या वेळी निळे नव्हते. मधाच्या रंगाच्या दोन रेघा डोक्यावरून पायांपर्यंत गेल्या आणि त्यांच्यामधलं पाणी मऊ, सोनेरी झालं. बाई त्यात उतरल्या. त्या दोन रेघांच्या मधोमध त्या निघाल्या, ना इकडे सरकत ना तिकडे. आडव्या ओळीवर पोचल्या, हात पुढे केला, भिंतीला टेकवला, वळल्या. आणि परतताना पालथ्याच आल्या, उघड्या डोळ्यांनी, खाली बघत. त्यांना खालचे दोघं दिसले असावेत, कारण काचेवरून जाताना त्यांनी हात जरासा हलवला.

ताईने पडल्या पडल्या हात हलवला.

"किती फेऱ्या मारतात?" तिने हळूच विचारलं.

"वीस."

"मग वेळ आहे," ती म्हणाली आणि डोक्याखाली हात घेतला. सोनेरी जाळ्या तिच्या सुरकुत्यांवरून, तिच्या टोचून टोचून खरबरीत झालेल्या बोटांवरून संथपणे जात होत्या. नाव जरा डोलली. बाराव्या की तेराव्या फेरीला सावकाशने बाजूला पाहिलं तर ताईला झोप लागली होती. त्याने तिला उठवलं नाही. थोड्या वेळाने कप्तान दोन पेले घेऊन पायऱ्या उतरला, ताईला झोपलेलं पाहून पायरीवरच बसला, आणि दोघांनी मग वरच्या फेऱ्या मोजल्या.

पोहून झाल्यावर बाई ओल्या केसांनीच खाली आल्या. ताई दचकून उठून बसली आणि पदर सावरत म्हणाली, "आच्छादनाचा रंग विचारायचा राहिला होता."

"तुम्हाला कुठला बरा वाटतो?" बाईंनी विचारलं, आणि ताईचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या.